डोडो संपला, त्या मॉरिशसमध्ये मूळचे पक्षी आता उरलेत का?

उरलेत, आणि त्याचं बरंचसं श्रेय मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनला जातं. त्यांच्यासाठी कोणी काही केलं का, असंही तुम्ही विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संस्था १९८४ ची, पण काम त्याआधीचं. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल, म्हणजे आपल्या खरूचीच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी, जंगलात अवघे चार उरल्याची नोंद होती. जंगलतोड, मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, बाहेरून आलेली माकडं-मुंगसं, सगळंच त्याच्या मुळावर आलं होतं. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हे पक्षीतज्ज्ञ तिथे गेले ते केस्ट्रेल वाचवायचा प्रकल्प गुंडाळायच्या सूचना घेऊनच. त्यांनी तो गुंडाळला नाही. घरट्यातली पहिली अंडी काढून ते उबवणीयंत्रात ठेवत; अंडी गेली की मादी पुन्हा घालते. शिवाय जंगलातल्या जोड्यांना उंदीर खायला घालत. पुढच्या दीड दशकात शेकडो पक्षी जंगलात सोडले गेले. आता केस्ट्रेलची संख्या पुन्हा घटते आहे, त्यामुळे हे काम एकदाचं संपलं असं होत नाही. गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास होती, आज काहीशे आहेत. एको पोपट हा तिथलाच हिरवा पोपटही असाच सावरला.

मला मात्र सगळ्यात भावलं ते महेबूर्ग या किनाऱ्यावरच्या गावाजवळचं ईल ओ एग्रेत, जेमतेम २६ हेक्टरचं बेट. सरपणासाठी तोडून उजाड झालेलं. संस्थेने तिथले उंदीर हटवले, परकं रान उपटलं, देशी रोपं लावली. मॉरिशसची मूळची महाकाय कासवं कधीच नामशेष झाली होती, म्हणून २००० साली सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांवरच्या जातीची महाकाय कासवं आणून सोडली. आबनूस या देशी झाडाची फळं खाऊन ती बिया दूरवर टाकतात, आणि कासवाच्या पोटातून आलेली बी जास्त चांगली रुजते! मी गेलो तेव्हा वाटाड्याने वाळक्या लेंडातून उगवलेली रोपं दाखवली. डोक्यावरच्या फांदीत गुलाबी कबूतर बसलं होतं, पायात रंगीत कडी. त्या कड्यांवरून एकेका पक्ष्याची नोंद ठेवतात.

२०२० मध्ये वाकाशिओ जहाजाचं तेल याच किनाऱ्याला पसरलं, तेव्हा या लोकांनी रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपं घाईने मुख्य बेटावर हलवली.

तिकडे जाणार असाल तर महेबूर्गजवळच्या पॉइंट जेरोमहून बोट सुटते. संस्थेचाच माणूस फिरवतो आणि तिकिटाचे पैसे याच कामाला जातात.