अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

तुम्ही विचारलंय : ‘अपंगत्वाची वैद्यकीय आणि सामाजिक अशी मॉडेलं असतात असं वाचलं. पण अपंगत्व तर माणसाच्या शरीरात असतं, त्याच्याशी समाजाचा काय संबंध? आणि सगळीकडे रॅम्प बांधले की प्रश्न मिटणार नाही का?’

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि कुबड्यांवर चालले, गेली सात वर्षं व्हीलचेअर वापरते. त्यामुळे माझं उत्तर वाचलेल्यापेक्षा सोसलेल्यातून जास्त येणार.

आधी एक जागा दाखवते. माझं खातं असलेल्या बँकेच्या दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांची. म्हणजे दीड फूट चढ. उताराचं मान्य प्रमाण एकास बारा असतं : एक इंच चढायला बारा इंच लांबी. या हिशेबाने तिथे अठरा फूट लांबीचा रॅम्प हवा. आहे तो पाच फुटांचा. भाच्याला टेप धरायला लावून मी स्वतः मोजलाय. वर गुळगुळीत फरशी, आणि खालच्या तोंडाशी कायम दुचाक्या लावलेल्या. त्यावरून कुणी खुर्ची ढकलायला लागलं की पुढची लहान चाकं हवेत उचलली जातात, आणि मागच्याचा हात सुटला तर आपण डोक्यावर पडणार हे पोटात गोळा येऊन कळतं. म्हणून रखवालदार आणि कुणीतरी खातेदार मिळून मला खुर्चीसकट उचलतात. माणसं भली आहेत. पण मी तीन दुकानांचे हिशेब बघते. दाराच्या आत मी ताळेबंद तपासणारी बाई असते आणि दाराबाहेर उचलून न्यायचं ओझं. पाय दोन्हीकडे तेच असतात. मग या दोन जागांमध्ये बदललं काय, याचं उत्तर म्हणजेच सामाजिक मॉडेल.

मॉडेल म्हणजे अपंगत्वाकडे बघायची नजर. आपल्याकडे सगळ्यात जुनी नजर दैवाची आणि दयेची. आजी म्हणायची, गेल्या जन्मीचं देणं आहे पोरीचं. मी कॉमर्सला असताना एकदा देवळाबाहेर भावाची वाट बघत बसले होते, तर एका बाईंनी माझ्या मांडीवर दहाची नोट ठेवली आणि नमस्कार करून पुढे गेल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दुपारी मी परीक्षेचा फॉर्म भरायला निघाले होते, आणि ती नोट हातात घेऊन बराच वेळ मला उठताच आलं नाही.

दुसरी नजर वैद्यकीय. बिघाड शरीरात आहे, तो दुरुस्त करा, म्हणजे माणूस बाकीच्यांसारखा जगेल. डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. बाराव्या वर्षापर्यंत माझी तीन ऑपरेशनं झाली आणि त्यांच्यामुळेच मी उभी राहिले. पोलिओचा डोसही वैद्यकशास्त्राचाच. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, माझ्यासारखी वेळ आता जवळजवळ कुठल्याच मुलीवर येत नाही, याचा आनंद शब्दांत मावणारा नाही. ही नजर चुकते ती तीच एकमेव नजर होऊन बसते तेव्हा. आमच्या शाळेत नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. हेडमास्तर वडिलांना म्हणाले, ‘पोरीला बरं वाटलं की पाठवा.’ मी आजारी नव्हते. मला बरं वाटायचं काही राहिलेलंच नव्हतं. वडील वर्षभर मला पाठीवर घेऊन सकाळी वर सोडायचे आणि संध्याकाळी खाली आणायचे. मधल्या सुट्टीत मी वरच बसायचे, लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायचे नाही. आठवीचा वर्ग तळमजल्यावर होता. दोन वर्गांची अदलाबदल करता येईल हे हेडमास्तरांना सुचलं नाही, वडिलांना सुचलं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही सुचलं नाही. आम्ही सगळे माझ्या पायांकडेच बघत होतो.

जिन्याकडे बघायला शिकवलं ते अपंग माणसांनीच. इंग्लंडमध्ये पॉल हंट नावाचा एक अपंग माणूस बराच काळ अपंगांना ठेवायच्या संस्थेत राहिलेला होता. १९७२ मध्ये त्याने गार्डियन वर्तमानपत्राला पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. त्यातून संघटना उभी राहिली, आणि १९७६ मध्ये त्यांनी स्पष्ट मांडलं की शरीरातली कमतरता ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. कमतरता शरीरात असते, अपंगत्व समाज वरून लादतो. ‘सामाजिक मॉडेल’ हे नाव पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी दिलं. त्याच संघटनेतले विक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेतले, वर्णद्वेषाविरुद्ध लढताना तुरुंगात गेलेले आणि व्हीलचेअर वापरणारे. त्यांनी एक गाव कल्पून दाखवलं होतं. तिथे सगळे व्हीलचेअरवालेच राहतात, म्हणून दारं पाच फुटांची आणि छतं बुटकी. तिथे चालणारी माणसं आली की त्यांची डोकी आपटतात, पाठी वाकतात. मग त्यांच्यासाठी डॉक्टर हेल्मेट लिहून देतात आणि त्यांच्या मदतीसाठी वर्गण्या निघतात. दारं उंच करा, असं त्या पाहुण्यांनीच शेवटी सांगावं लागतं.

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. लहानपणापासून ती माझ्यावर किती वेळा वापरली गेली असेल. पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं, आणि ते टेपने मोजून दाखवता येतं.

आता कायद्याकडे येते, कारण इथे एक विसंगती आहे जी मला रोज टोचते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, आणि त्यावरून आपला २०१६ चा कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याहून महत्त्वाची आहे व्याख्या. दीर्घकाळची कमतरता आणि अडथळे यांची गाठ पडून जिला समाजात बरोबरीने सहभागी होता येत नाही ती अपंग व्यक्ती, असा तिचा आशय आहे. म्हणजे अडथळा कायद्याच्या व्याख्येतच बसलाय. आणि अडथळा म्हणजे फक्त पायरी असं कायदा म्हणत नाही. आर्थिक, सांस्कृतिक, संस्थांच्या कारभारातले आणि लोकांच्या वृत्तीतले अडथळेही त्यात मोजलेत. पण सर्टिफिकेट काढायला गेलं की टक्केवारी निघते ती फक्त शरीराची. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. माझे पाय आजवर तीनदा मोजून झालेत. बँकेच्या पायऱ्या मोजायला कुणी आलं नव्हतं.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येतील अशा, करायला त्या कायद्याने पाच वर्षं दिली होती. नियम १५ जून २०१७ ला निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी या अंध नागरिकाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगमतेचे निकष शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारकच हवेत, आणि ते तीन महिन्यांत ठरवा. कुठे अर्ज करणार असाल तर या निकालाचा उल्लेख जरूर करा, मी करते.

तुमचा दुसरा प्रश्न, रॅम्पचा. माझी एक मैत्रीण पूर्ण अंध आहे आणि संगणकावर माझ्यापेक्षा वेगाने काम करते. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी चांगलं बोलतं. पण जीआर कागदावरून स्कॅन करून टाकलेला असला, तर यंत्राच्या लेखी ते नुसतं चित्र असतं आणि ते गप्प बसतं. युनिकोड (अक्षरं साठवायची सगळ्या संगणकांना कळणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाईल आली की स्पीकरमधून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा ऐकू येतो, कारण त्या फाईलच्या पोटात देवनागरी नसतेच. तिचा जिना तिथे आहे. तिला माझ्या रॅम्पचा काही उपयोग नाही. तीच फाईल युनिकोडमध्ये टंकली की पैसाही न लागता तो जिना नाहीसा होतो.

आणि रॅम्प असूनही अडतं. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावलेलं मी किती ठिकाणी पाहिलंय. मी समोर बसलेली असताना भावाला विचारतात, ‘यांना सही करता येते का?’

पण सगळं समाजावर ढकलणंही खरं नाही. पोलिओ झालेल्यांपैकी अनेकांचे उरलेले स्नायू चाळिशी-पन्नाशीनंतर थकतात. माझी कुबडी त्यानेच सुटली. रात्री दोनला खांदा ठणकतो तेव्हा जगातल्या कुठल्याही उताराने तो थांबत नाही. टॉम शेक्सपिअर या स्वतः अपंग असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी सामाजिक मॉडेलवर हाच आक्षेप घेतलाय, आणि मला तो पटतो. मला गोळीही हवी आणि उतारही. एक मागितलं की दुसऱ्यावरचा हक्क सुटतो, असं कुणी मला सांगू नये.

बँकेत मी तीन महिन्यांपूर्वी लेखी अर्ज दिला. दारासमोर अठरा फूट सरळ मिळत नाहीत, पण बाजूच्या भिंतीला लागून नऊ-नऊ फुटांचे दोन उतार आणि मध्ये वळायला सपाट जागा नीट बसते. त्याचं मापांसकट चित्र काढून अर्जाला जोडलं होतं. नवीन मॅनेजरबाईंनी ते माझ्यासमोर पूर्ण वाचलं आणि दोन प्रश्न विचारले, दोन्ही मलाच. मागच्या आठवड्यात गवंडी येऊन पायऱ्यांना टेप लावून गेला.