रेव्हिटमध्ये लिंक केलेली मॉडेल्स जागेवर का राहत नाहीत? ॲक्वायर करायचं की पब्लिश?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकसारखे चार टॉवर, रेव्हिटमध्ये (इमारतींची थ्रीडी मॉडेल्स करायचं सॉफ्टवेअर) आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपीच्या (वीज, पाणी, वातानुकूलन) वेगळ्या फाइली, एकमेकींत लिंक केलेल्या, शेअर्ड कोऑर्डिनेट्स (सगळ्या फाइलींची सामाईक मोजपद्धत) लावलेले. तरी परवापर्यंत नीट बसलेले स्ट्रक्चरचे कॉलम आज ३०० मिमी सरकलेत. मग ॲक्वायर करायचं की पब्लिश?

ॲक्वायर. ॲक्वायर केलं की लिंकमधला (जोडलेल्या फाइलीतला) पत्ता, म्हणजे कोऑर्डिनेट्स, तुम्ही आपल्या फाइलीत उचलून आणता, बदल होतो तो तुमच्याच घरात. पब्लिश केलं की तुमचा पत्ता दुसऱ्याच्या फाइलीत लिहिला जातो, आणि त्या ऑफिसातल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मी पुण्यात बारा वर्षं कोऑर्डिनेशनचं काम करतोय. सरकलेल्या मॉडेलचा माग काढत गेलो की बहुतेक वेळा शेवटी हेच सापडतं: पत्ता लिहिण्याचा हक्क एकापेक्षा जास्त लोकांकडे होता.

तुमच्या ३०० मिमीबद्दल माझा पहिला संशय एका छोट्या खिडकीवर आहे. 'बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स' लावलेली लिंक कुणाच्या हातून चुकून हलली, की फाइल सेव्ह करताना रेव्हिट विचारतं की नवी जागा लिंकमध्ये सेव्ह करू का. संध्याकाळी सात वाजता, ड्रॉइंग पाठवायची घाई असताना, माणूस वाचत नाही, 'सेव्ह' दाबतो. झालं. होस्टमध्ये, म्हणजे लिंक जिच्यात जोडली त्या फाइलीत, झालेली हातचूक आता स्ट्रक्चरच्या फाइलीत जाऊन बसली. तिथे उत्तर 'डू नॉट सेव्ह' असंच द्यायचं, मग अनडू करायचं किंवा लिंक काढून पुन्हा लावायची. आणि लिंक लावल्या लावल्या पिन करायची, म्हणजे ती चुकून हलत नाही.

हेच घडलंय का ते दहा मिनिटांत कळेल. प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडा, ग्रिड ए आणि १ जिथे छेदतात तिथे स्पॉट कोऑर्डिनेट टाका, आणि त्याच्या टाइपमध्ये ओरिजिन 'सर्व्हे पॉइंट' ठेवा. सगळ्या फाइलींत आकडा एकच आला, तर पत्ते शाबूत आहेत, फक्त तुमच्या होस्टमध्ये लिंक चुकीच्या जागी बसली आहे. स्ट्रक्चरच्या फाइलीत आकडा वेगळा आला, तर त्या फाइलीचा पत्ता बदललाय किंवा त्यांनी इमारतच आत सरकवली आहे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय काही दुरुस्त करू नका. दोन्हीकडून एकाच वेळी दुरुस्ती झाली की ३०० चे ६०० होतात.

आता मुळाशी जाऊ, कारण नव्या मुलांचा गोंधळ इथेच होतो. इंटर्नल ओरिजिन हे फाइलीचं स्वतःचं शून्य, ते हलत नाही. प्रोजेक्ट बेस पॉइंट ही इमारतीपुरती सोयीची खूण, उदाहरणार्थ ग्रिड ए-१. सर्व्हे पॉइंट हे जगाशी नातं सांगणारं टोक. त्याची क्लिप लावलेली असताना तो हलवलात तर शेअर्ड पद्धतीचं मूळच सरकतं. क्लिप काढून हलवलात तर फक्त खूण सरकते. प्रॉपर्टीतला आकडा हाताने बदलायच्या आधी ती क्लिप बघा.

इमारत काढायची ती कायम इंटर्नल ओरिजिनच्या जवळ. पुणे यूटीएमच्या (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणारी नकाशा-पद्धत) झोन ४३ उत्तरमध्ये येतं. शहराच्या मध्यावर ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा) साधारण ३,७८,००० मीटर आणि नॉर्दिंग (दक्षिण-उत्तर आकडा) साधारण २०,४८,००० मीटर असतं. आणि रेव्हिटची मर्यादा आहे इंटर्नल ओरिजिनपासून सुमारे १६ किलोमीटर. म्हणजे खऱ्या आकड्यांवर नेऊन इमारत काढली तर रेषा थरथरायला लागतात, हॅच तुटतात. इमारत हलवायची नाही, तिला फक्त पत्ता द्यायचा. (नागपूर किंवा यवतमाळला काम असेल तर झोन ४४ लागतो. ७८ अंश रेखांशाची हद्द महाराष्ट्रातूनच जाते, त्यामुळे झोन सर्व्हेअरला विचारून घ्या.)

पत्ता देण्यासाठी एक वेगळी साइट फाइल करा. तिच्यात फक्त ग्रिड, लेव्हल आणि सर्व्हेचं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं ड्रॉइंग). डीडब्ल्यूजी 'सेंटर टू सेंटर' लिंक करा, हलवून-फिरवून ग्रिडवर बसवा, उंची जुळवा आणि मग त्यातून ॲक्वायर करा. त्याआधी ऑटोकॅडमध्ये दोन गोष्टी तपासा: युनिट खरंच मीटर आहे का, आणि सर्व्हेअरने यूसीएस (वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेले अक्ष) फिरवून ठेवलाय का. रेव्हिट वर्ल्ड पद्धत वाचतं, यूसीएस नाही. बाकी सगळे या साइट फाइलीतून एकदाच ॲक्वायर करतील. दुसऱ्यांदा नाही.

एक प्रसंग सांगतो. आम्ही हे सगळं नीट केलं होतं. नंतर टीममधल्या एकाला ट्रू नॉर्थ (मॉडेलला दिलेली उत्तर दिशा) उपग्रह नकाशाशी 'थोडा जुळत नाही' असं वाटलं आणि त्याने कोन हाताने दुरुस्त केला. यूटीएमची ग्रिड नॉर्थ (नकाशावरच्या उभ्या रेषांची उत्तर) आणि भौगोलिक उत्तर यांच्यात पुण्यात सुमारे ०.३७ अंशांचा फरक असतो. तो फरक चूक नव्हताच. लाइनआउटच्या (जमिनीवर आखणीच्या) दिवशी मी साइटवर होतो. पहिली खुंटी अचूक. साठ मीटरवरची खुंटी ३८ सेंटिमीटर बाहेर. १८० मीटरवरची सुमारे १.१५ मीटर, थेट कंपाउंडच्या भिंतीच्या पायाला लागून. टोटल स्टेशनवाल्या (सर्व्हेचं मोजणीयंत्र) काकांनी मान वर न करता सांगितलं, "साहेब, तुमचा नकाशा फिरलाय, सरकलेला नाही." त्यांच्या त्या वाक्याने मला आयुष्यभराची कसोटी दिली. फरक सगळीकडे सारखा असेल तर मॉडेल सरकलंय. लांब जावं तसा वाढत असेल तर फिरलंय. दोन दिवस गेले, पण काँक्रीट पडायच्या आत कळलं, याचं आजही बरं वाटतं.

लांबीसोबत वाढणारा एक बारीक फरक स्केलचाही असतो. पुण्याच्या रेखांशावर आणि उंचीवर यूटीएमचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला साधारण ३० सेंटिमीटरने कमी भरतं. म्हणजे २०० मीटरच्या प्लॉटवर ६ सेंटिमीटरच्या आसपास. सर्व्हे ग्रिडच्या अंतरात दिलाय की जमिनीच्या, हे लेखी घ्या.

उंचीचं वेगळं सांगतो. आपल्याकडे सर्व्हेअर पुष्कळदा कोपऱ्यावरच्या टीबीएमला (उंची मोजायची तात्पुरती खूण) १००.००० आरएल (ठरलेल्या पातळीपासूनची उंची) मानून मोकळा होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. बाहेरच्या ड्रेनेजची लेव्हल समुद्रसपाटीवरून आली आणि तुमचं मॉडेल १०० वर बसलं, तर एमईपीवाला उतार कशावरून काढणार? डीजीपीएसवरून (उपग्रहांच्या आधारे अचूक मोजणी) थेट घेतलेली उंची तर तिसरीच, समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा पन्नासहून अधिक मीटरने कमी. साइट फाइलीत ठळक लिहून ठेवा: टीबीएम कुठे आहे, त्याचा आरएल किती, आणि तो कशाच्या संदर्भात.

तुमचे चार टॉवर एकसारखे आहेत, तर टॉवरची फाइल एकच ठेवा आणि साइट फाइलीत तिच्या चार प्रती लावा. प्रत्येक प्रतीला स्वतःची नावाची जागा द्या: टॉवर-ए, टॉवर-बी वगैरे. या जागा टॉवरच्या फाइलीत लिहिल्या जातात, म्हणून वर जे 'ॲक्वायर' म्हणालो त्याला हा एकच अपवाद. तो एका ठरलेल्या माणसाने, बाकी सगळ्यांना फाइल बंद करायला सांगून, एकदा करायचा. नंतर नेव्हिसवर्क्सला (सगळी मॉडेल्स एकत्र तपासायचं सॉफ्टवेअर) एक्सपोर्ट करताना कोऑर्डिनेट्स 'शेअर्ड' आहेत हे प्रत्येक टीमने बघायचं, नाहीतर एमईपीचा टॉवर-सी टॉवर-एच्या पोटात दिसेल आणि क्लॅश रिपोर्ट (काय कशावर आदळतंय त्याची यादी) हजारोंचा येईल.

स्पॉट कोऑर्डिनेटचे आकडे आले की इथेच टाका, कुठली फाइल हलली ते मिळून शोधू.