सगळीच आडवी इंजिनं बॉक्सर नसतात

मागच्या वेळी व्ही इंजिनाबद्दल (सिलिंडरच्या दोन रांगा व्ही अक्षरासारख्या तिरक्या) लिहिताना एका ओळीत बॉक्सरचं नाव येऊन गेलं, आणि तुमचे प्रश्न आले ते जवळपास सगळे त्या एका ओळीवरच. म्हणून हे अख्खं पान आज आडव्या, म्हणजे फ्लॅट इंजिनाला.

प्रश्न : मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. आम्हाला शिकवलं की फ्लॅट इंजिन म्हणजेच बॉक्सर इंजिन. पण एका व्हिडिओत ऐकलं की फेरारीचं फ्लॅट १२ हे बॉक्सर नव्हतंच. मग खरं काय? (विद्यार्थी, जळगाव)

मित्रा, व्हिडिओवाला बरोबर आहे. आणि तुला शिकवलं ते पण फार चुकीचं नाही, कारण आज शोरूममधे मिळणाऱ्या गाड्यांत जी आडवी इंजिनं आहेत, पोर्शे, सुबारू, ती सगळी बॉक्सरच आहेत, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले तरी रोजच्या बोलण्यात काही अडत नाही. पण परीक्षेत आणि इंजिन खोलल्यावर फरक दिसतो.

आधी फ्लॅट म्हणजे काय ते बघ. मधे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा), तिच्या डावीकडे काही सिलिंडर झोपलेले आणि उजवीकडे तेवढेच, दोन्ही बाजूंमधला कोन १८० अंश. एवढं असलं की इंजिन फ्लॅट झालं, कोणी त्याला पॅनकेक इंजिन पण म्हणतं. ते बॉक्सर आहे की नाही हे बाहेरून बघून कळत नाही, त्यासाठी क्रँकपिन, म्हणजे क्रँकशाफ्टवरची ज्या पिनेला पिस्टनचा कनेक्टिंग रॉड जोडतात ती, बघावी लागते.

बॉक्सरमधे समोरासमोरच्या दोन पिस्टनना प्रत्येकी स्वतःची क्रँकपिन असते आणि त्या दोन पिना एकमेकींच्या बरोबर उलट्या, १८० अंशावर. त्यामुळे डावा पिस्टन बाहेर गेला की उजवा पण बाहेर जातो, डावा आत आला की उजवा पण आत. बॉक्सिंगवाला रिंगणात उतरल्यावर दोन्ही ग्लोव्ह्ज एकमेकांवर आपटतो ना, ती हालचाल, नाव तिथूनच पडलं. आता दुसरा प्रकार घे, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसवले. मग डावा बाहेर जाताना उजवा आत येणार, दोघंही एकाच दिशेला सरकणार. हे खरं तर व्ही इंजिनच आहे, फक्त व्ही उघडत उघडत सपाट झालाय, म्हणून त्याला १८० अंशाचं व्ही म्हणतात.

फेरारीनं १९७३ साली ३६५ जीटी४ बीबी काढली, त्यातलं बीबी म्हणजे बर्लिनेटा बॉक्सर, आणि आत होतं १८० अंशाचं व्ही १२. कंपनीनंच नावात बॉक्सर घातलं म्हटल्यावर लोकांचा गोंधळ होणारच. पोर्शेच्या ९१७ या रेसिंग कारचं, जिनं १९७० आणि १९७१ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तिचं फ्लॅट १२ पण असंच, सहा क्रँकपिना आणि बारा रॉड. बारा सिलिंडरला हे चालतं, कारण एका बाजूचे सहा सिलिंडर आपल्याआपणच पूर्ण बॅलन्स असतात, त्यांना समोरच्या बाजूची गरज नाही, आणि निम्म्या पिना वाचल्यामुळे क्रँक आखूड होते.

चार सिलिंडरला मात्र बॉक्सरच हवं, आणि इथे मला खरंच हे इंजिन आवडतं. आपल्याकडच्या साध्या इनलाइन, म्हणजे एका रांगेतल्या चार सिलिंडर इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, म्हणजे हिशोब जुळायला पाहिजे, पण पूर्ण जुळत नाही. रॉड तिरका होत जातो त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात पिस्टन जास्त जोरात पळतो आणि खालच्या अर्ध्यात थोडा सावकाश. त्यातून एका फेऱ्यात दोनदा वरखाली धक्का बसतो, मोठ्या इंजिनात तर तो मारायला वेगळ्या बॅलन्स शाफ्ट टाकतात. बॉक्सरमधे डाव्या पिस्टनचा जो काही धक्का असेल, लहान-मोठा कसाही, अगदी तसाच धक्का उजवीकडून उलट्या दिशेनं येतो आणि दोन्ही जागच्या जागी मरतात. उरतं ते थोडंसंच, कारण दोन पिना शेजारी शेजारी आहेत म्हणून समोरासमोरचे सिलिंडर अगदी एका रेषेत बसत नाहीत, किंचित पुढेमागे असतात, त्यानं इंजिन जरासं डुलतं. सहा सिलिंडरच्या बॉक्सरमधे ते पण राहत नाही. पोर्शे ९११ पहिल्यांदा १९६३ मधे दाखवली तेव्हापासून आजपर्यंत मागे फ्लॅट सिक्सच आहे, १९९७-९८ ला एअर कूल्ड जाऊन वॉटर कूल्ड आलं पण मांडणी तीच राहिली.

अजून एक, बरेच जण इथे चुकतात. दोन्ही पिस्टन एकदम बाहेर टोकाला पोचतात म्हणून दोन्हीत एकदम स्फोट होतो असं नाही. एकात पेट्रोल पेटतं तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट (जळका धूर बाहेर) संपून इनटेक (नवी हवा-पेट्रोल आत) सुरू होत असतो. फोर स्ट्रोकमधे प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट, हे लक्षात ठेव, मग हे सोपं जातं.

प्रश्न : दादा, मना पोऱ्या म्हनस का आपली जुनी बॉक्सर गाडीनं इंजिन बी बॉक्सरच शे. हाई खरं शे का? (पारोळा)

नही भाऊ. बजाजच्या बॉक्सरला एकच सिलिंडर, आणि समोरासमोर यायला निदान दोन तरी लागतात. गाडीचं नुसतं नाव बॉक्सर. खरी बॉक्सर मोटरसायकल पोराला दाखवायची असेल तर बीएमडब्ल्यूच्या आर सीरिजच्या मोठ्या जीएस गाड्या दाखवा, टाकीखालून दोन्ही बाजूंना सिलिंडरची डोकी बाहेर आलेली दिसतात. १९२३ च्या त्यांच्या आर ३२ पासून ही पद्धत चालू आहे. होंडाच्या गोल्डविंगला तर सहा सिलिंडरचं आडवं इंजिन असतं.

प्रश्न : हे इंजिन एवढं स्मूथ आहे तर आपल्या कंपन्या का बनवत नाहीत? माझं गॅरेज आहे, आजवर एकही हातात आलं नाही. (अमळनेर)

तुम्ही मिस्त्री आहात त्यामुळे लगेच पटेल. इनलाइन फोरला एक हेड (सिलिंडरवरचं झाकण), एक हेड गॅस्केट, आणि डबल ओव्हरहेड कॅम असला तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन कॅमशाफ्ट. बॉक्सर फोरला दोन हेड, दोन गॅस्केट, चार कॅमशाफ्ट. सगळंच डबल, म्हणजे खर्च पण तसाच वाढतो, आणि छोट्या गाडीत जिथे रुपया रुपया मोजून गाडी बनते तिथे हे बसत नाही. दुसरं म्हणजे रुंदी. इंजिन बुटकं आणि आखूड होतं, वजन जमिनीजवळ राहतं त्यामुळे वळणावर गाडी छान बसते, पण दोन्ही हेड जातात थेट साइड मेंबरच्या, म्हणजे सांगाड्याच्या बाजूच्या पट्ट्यांच्या जवळ, पुढच्या चाकांना वळायला जागा ठेवायची तर डिझाइनवाल्याची कसरत होते. प्लग बदलायला पान्याला जागा मिळत नाही, काही मॉडेलला तर माउंटिंग सोडून इंजिन जरा उचलावं लागतं. आणि सिलिंडर आडवे असल्यामुळे गाडी उभी राहिली की थोडं ऑइल रिंगांच्या बाजूनं झिरपतं, मग सकाळी पहिल्या स्टार्टला कधी थोडा निळा धूर दिसतो. तेवढ्यावरून रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका, धूर थांबतोय का ते आधी बघा.

तरी हे इंजिन श्रीमंतांचंच आहे असं मानू नका. कार्ल बेंझनं १८९७ च्या सुमाराला दोन सिलिंडरचं पहिलं असं इंजिन केलं, त्याला तो कॉन्ट्रा म्हणायचा. पुढे फोक्सवॅगनची बीटल, मागे चार सिलिंडरचं एअर कूल्ड बॉक्सर, २ कोटींहून जास्त गाड्या बनल्या आणि शेवटची मेक्सिकोत २००३ मधे. फ्रान्समधे सिट्रोएनची २सीव्ही १९४८ ला आली, शेतकऱ्यासाठी बनवलेली, तिचं इंजिन ३७५ सीसीचं दोन सिलिंडरचं बॉक्सर. आपल्याकडे तशी गाडी आली असती तर खानदेशच्या मिस्त्र्यांनी तिचं पण इंजिन डोळे मिटून बांधलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न : आमच्या शेतावरून ट्रेनिंगची छोटी विमानं जातात. त्यांचं इंजिन कारसारखंच असतं का? (धुळे, गोंदूर परिसर)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण रस्त्यावर न दिसणारं बॉक्सर तुमच्या डोक्यावरून जातंय. पंख वर असलेलं सेस्ना १७२ सारखं विमान असेल तर त्याच्या नाकात चार सिलिंडरचं आडवं लायकमिंग बसलेलं असतं. या कंपनीच्या इंजिनांचं नाव असतं ओ-३२० असं, त्यात ओ म्हणजे समोरासमोरचे सिलिंडर आणि ३२० म्हणजे तेवढे घनइंच, आपल्या मापात जवळपास सव्वापाच लिटर. एवढं मोठं इंजिन पण पॉवर १५०-१६० हॉर्सपॉवरच, कारण पंखा थेट क्रँकवर असतो आणि तो फार जोरात फिरवून चालत नाही, साधारण २७०० आरपीएमच्या वर जात नाही. आडवं का, तर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरला समोरून वारा मिळतो, रेडिएटर-पाणी काही लागत नाही, आणि इंजिन बुटकं असल्यामुळे पायलटला पुढचं दिसतं. प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन आणि ठिणगीची वीज बनवणारे मॅग्नेटो पण दोन, एक बंद पडला तरी विमान दुसऱ्यावर चालतं.

प्रश्न : अपोज्ड पिस्टन इंजिन म्हणजे हेच ना? (चोपडा)

नाही, ते वेगळं. त्यात एकाच सिलिंडरमधे दोन पिस्टन तोंडाला तोंड करून असतात, स्फोट दोघांच्या मधे होतो, हेड नसतंच. बॉक्सरमधे पिस्टनची पाठ एकमेकांकडे असते आणि स्फोट बाहेरच्या टोकांना. आपल्या लष्कराच्या विजयंता रणगाड्यात लेलँडचं एल६० इंजिन होतं, ते या अपोज्ड पिस्टन प्रकारातलं, त्यात सहा उभे सिलिंडर, बारा पिस्टन आणि क्रँकशाफ्ट दोन, एक वर आणि एक खाली.