पट्टी किती वाकेल?

प्रिय बेटा,

तुझ्या मुलाखतीचं आईकडून कळलं, खूप आनंद झाला. टेक कंपनीत मेकॅनिकलवाल्यांचं काय काम, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. फोनची बॉडी, लॅपटॉपचं बिजागर, सर्व्हरचं कूलिंग, हे सगळं आपलंच काम.

तिथे बेसिकच विचारतात, पण खोलात जाऊन. एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी, दुसऱ्या टोकाला वजन, ती किती वाकेल? सूत्र तू झोपेतही सांगशील. लांबी दुप्पट केली तर? वाक आठपट. जाडी दुप्पट केली तर? एक अष्टमांश. मग विचारतील, हीच स्टीलची पट्टी हीट ट्रीटमेंट करून आणली तर कमी वाकेल का? इथे भलेभले घसरतात. ताकद वाढते, पण यंग्ज मोड्युलस, म्हणजे मटेरियलचा ताठपणा, २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. म्हणजे वाक तेवढाच. फक्त जास्त भार सोसूनही पट्टी परत सरळ होईल.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाचाच हिशोब कर. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर २०० मिमी लांब पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं झाकण स्क्रूने बसवलंय. मे महिन्यात ते बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं आणि तापमान २० वरून ७० अंशांवर गेलं. फ्रेम सुमारे ०.२३ मिमी वाढते, झाकण जवळपास ०.७. हा अर्ध्या मिमीचा फरक जाणार कुठे? झाकण फुगेल, नाहीतर स्क्रूच्या भोकापाशी तडा जाईल. म्हणून एक भोक गोल आणि दुसऱ्या टोकाचं लांबट ठेवायचं. हे सगळं कागदावर आकृती काढत, मोठ्याने बोलत सांग. एखादा आकडा आठवला नाही तर अंदाजे धर, पण धरतेय असं सांगून धर. तुझं डोकं कसं चालतं, हेच त्यांना बघायचं असतं.

कॉलेजात तुम्ही बनवलेल्या गाडीबद्दल बोलताना ‘आम्ही केलं’वर थांबू नकोस. तुझा पार्ट कोणता, हेच मटेरियल का, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एवढाच का, तुटला तेव्हा आधी काय मोजलंस? मापं तोंडपाठ हवीत. तुटल्याची गोष्ट तर अजिबात लपवायची नाही, बोलण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच असतं.

आणि एक दिवस हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याकडे जाच. रिजेक्ट झालेले पार्ट मागून घे. आतल्या बाजूला रिब, म्हणजे मजबुतीसाठी दिलेली उभी पट्टी असेल, तिच्या नेमक्या पाठीमागे बाहेरून बारीक खळगा दिसेल. तो सिंक मार्क. रिब भिंतीच्या जाडीच्या पन्नास-साठ टक्क्यांपेक्षा जाड झाली, की तिथलं प्लास्टिक उशिरा गार होतं आणि पृष्ठभाग आत ओढला जातो. पार्ट साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतारही व्हर्नियर लावून बघ. एकदा हाताळलं की मुलाखतीत आठवायला लागत नाही.

इंग्रजीचं टेन्शन नको. छोटी वाक्यं बोल, पुरे.

रविवारपर्यंत तुझ्या पार्टचं ड्रॉइंग पाठव. त्यावरच्या प्रत्येक मापाला मी ‘का’ विचारणार आहे.

तुझा काका