कालाब्रियातल्या बायकांची आडनावं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. दक्षिण इटलीतल्या कालाब्रिया प्रांतातल्या बायकांच्या आडनावांवरचा ग्रीक ठसा हा विषय तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. पण सगळी भिस्त सरकारी नोंदींवर ठेवली आहेस, ती आधी कमी कर. दफ्तरात बहीण आणि भाऊ दोघंही स्पानो, नाहीतर माक्री, नाहीतर लागाना. ही आडनावं अस्सल ग्रीक आहेत: स्पानो म्हणजे दाढी न उगवलेला, माक्री म्हणजे उंच, लागाना म्हणजे भाजीवाला. शेवटच्या अक्षरावरचा आघातसुद्धा ग्रीकच. पण बाईसाठी वेगळं रूप त्यात नाही. ते शोधायचं गावच्या बोलीत. पाटलाची बायको गावात पाटलीण असली, तरी सातबाऱ्यावर पाटीलच असते ना!

आडनावाचं स्त्रीलिंगी रूप सापडलं की लगेच ग्रीकांच्या नावावर टाकू नकोस. फ्लोरेन्सच्या फ्रान्चेस्को देल जोकोंदोच्या बायकोचं चित्र ‘ला जोकोंदा’ झालं, तेच आपण मोनालिसा म्हणून ओळखतो. यात ग्रीक काही नाही.

खरी मेख ‘इस्सा’ या स्त्रीलिंगी प्रत्ययात आहे. मूळ तो ग्रीकच. राणीला ग्रीकमध्ये ‘वासिलिसा’ म्हणतात. पण लॅटिननेही तो उचलला आणि त्यातूनच इटालियन ‘कोन्तेस्सा’, म्हणजे काउंटची बायको, आली. आता गंमत बघ. लॅटिनमधल्या आघातयुक्त ऱ्हस्व ‘इ’चा इटालियनमध्ये ‘ए’ होतो. सिसिली, दक्षिण कालाब्रिया आणि सालेन्तो (इटलीच्या बुटाची टाच) इथल्या बोलींत मात्र ‘इ’ तसाच राहतो. त्यामुळे तिथला ‘इस्सा’ ग्रीक शेजाऱ्यांकडून आला की चर्चच्या लॅटिनमधून, हे नुसत्या उच्चारावरून ठरत नाही. तो पदव्यांनाच लागतो की आडनावांनाही, ते पाहा. बोवा, गाल्लिचानो या ग्रीकभाषक गावांच्या आसपास तो जास्त ऐकू येतो का, हे नकाशावर मांड.

‘एना’ या दुसऱ्या स्त्रीलिंगी प्रत्ययाकडे जास्त लक्ष दे. ग्रीसमध्ये योर्गोसची बायको ती योर्गेना, आणि आघात ‘यो’वर. असा बिनआघाताचा प्रत्यय बोलीत सापडला तर तो लॅटिनमधून आल्याचा दावा बराच लंगडा पडतो. म्हणून प्रत्येक नावावर आघाताची खूण कर. ती नसली तर नोंद वाया गेली समज.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेऱ्हार्ड रोल्फ्स यांचा कालाब्रियातल्या आडनावांचा आणि टोपणनावांचा 1979चा कोश जवळ ठेव. तिथली ग्रीक भाषा प्राचीन वसाहतींपासूनची, असं ते मानत. इटालियन अभ्यासक बहुधा ती मध्ययुगातल्या बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या काळातली मानत. त्या वादात तू वेळ घालवू नकोस. प्राचीन ग्रीकांत वंशपरंपरेची आडनावं नव्हतीच, तुझा सगळा मामला मध्ययुगापासून पुढचा आहे.

आणि म्हाताऱ्या बायकांशी बोलताना एवढं विचार: हे नाव नवऱ्याकडून आलं की बापाकडून? तोंडावर घेतात की पाठीमागे? पहिल्या दहा नोंदी झाल्या की मला पाठव.