अलास्कात पहिल्यांदाच ३०० मैलांची कुत्र्यांची स्लेज शर्यत करतोय. काय सांभाळावं?

सुरुवातीलाच वेग आवरा. पहिल्या तासात कुत्री ताजी असतात, जीव खाऊन ओढतात. तेव्हा मोकळं सोडलंत तर दुसऱ्या रात्री त्यांचे खांदे आणि पुढची मनगटं धरतात. ड्रॅग मॅटवर (स्लेजमागे बर्फावर घासत वेग कमी करणाऱ्या चटईवर) पाय ठेवून ताशी १४-१५ किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका. पाच-सहा तास धाव, तेवढीच विश्रांती, हे गणित पहिल्या शर्यतीत मोडू नका.

सगळ्यात जास्त लक्ष पंजांकडे. कापडी बूट सैल बांधला की बर्फात गळतो, करकचून आवळला की रक्त अडतं, पंजा सुजतो. थांब्यावर पोचताच आधी स्लेज अडवणारा लोखंडी आकडा बर्फात घट्ट रोवा, कुत्र्यांच्या पट्ट्यांना मागून जोडलेले ओढायचे दोर सोडा, बूट काढा. ओला बूट पायावर गोठू देऊ नये. मग कुत्र्यांना झोपायला गवत पसरा, कुकरवर (सोबतच्या स्टोव्हवर) बर्फ वितळवायला ठेवा आणि पाणी तापेपर्यंत प्रत्येक बोट फाकवून चीर, लालसरपणा बघा, मलम लावा. स्वतःचं जेवण सगळ्यात शेवटी.

थंडीत धावणारं कुत्रं दिवसाला १०,००० किलोकॅलरीपर्यंत खातं, पण साधं पाणी पीत नाही. कोमट पाण्यात मांसाचे तुकडे टाका, लपालपा पिईल. वाटेत दर दोन तासांनी गोठलेल्या माशाचा किंवा चरबीचा तुकडा द्या. खाणं टाकलेलं कुत्रं पुढे नेऊ नका. थांब्यावरच्या पशुवैद्यांच्या हवाली करा.

आणि स्लेज उलटली तरी हँडल सोडायचं नाही. रिकामी स्लेज घेऊन कुत्री थांबत नाहीत.