समुद्रात भराव टाकून बेट बनवलं की आजूबाजूचा समुद्र त्या देशाचा होतो का? नसेल होत तर चीनला कोणी अडवलं का नाही?

कायद्याचं विचारत असाल तर नाही, इंचभरही होत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा समुद्र कायद्याचा करार आहे, चीनने स्वतः १९९६ मध्ये तो मान्य केलाय, आणि त्याच्या कलम ६० मध्ये सरळ लिहिलंय की कृत्रिम बेटाला बेटाचा दर्जा नाही, त्याला स्वतःची सागरी हद्द नाही, फार तर सुरक्षेसाठी भोवती ५०० मीटरचा पट्टा ठेवा. भराव टाकायच्या आधी तिथे काय होतं एवढंच बघतात. भरतीतही पाण्याच्या वर राहणारा खडक असेल तर १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरच्या आसपास. भर समुद्रात फक्त ओहोटीला दिसणारी जागा असेल तर शून्य. २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे आणि तेलावर हक्क सांगता येतो तो पट्टा, हवा असेल तर माणसं स्वतःच्या बळावर राहू शकतील असं खरंखुरं बेट लागतं.

आता दक्षिण चिनी समुद्रात झालं काय ते सांगतो. स्प्रॅटली भागात सात रीफवर, म्हणजे पाण्यातल्या प्रवाळाच्या खडकांवर, चीनने २०१३ च्या अखेरीपासून भराव टाकायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत सुमारे ३,२०० एकर जमीन उभी केली. ही ड्रेजर जहाजं कशी चालतात ते बघण्यासारखं आहे. जहाजातून एक लांब दांडा तळापर्यंत उतरवतात, त्याच्या टोकाला दातेरी फिरतं डोकं असतं, ते प्रवाळ फोडत जातं, मागून पंप तो चुरा पाण्यासकट ओढून घेतो आणि तरंगत्या पाइपातून रीफवर ओततो, पाणी निघून जातं, चुरा साचतो, मग बुलडोझर तो सपाट करतात आणि कडेने काँक्रीटची भिंत घालतात. त्यांचा तियानजिंग नावाचा एक ड्रेजर तासाला ४,५०० घनमीटर माल टाकू शकतो म्हणतात. खाली जिवंत प्रवाळ होतं त्याचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

फिलिपिन्सने २०१३ च्या जानेवारीतच, म्हणजे भराव सुरू व्हायच्या आधी, आंतरराष्ट्रीय लवादात चीनविरुद्ध केस टाकली होती. निकाल १२ जुलै २०१६ ला आला. त्या सातांपैकी मिस्चिफ आणि सुबी रीफ भरतीला बुडणाऱ्या जागा ठरल्या, फायरी क्रॉस नुसता खडक ठरला, आणि जवळपास सगळा दक्षिण चिनी समुद्र आपला म्हणत चीन नकाशावर जी नऊ तुकड्यांची रेषा काढतो, तिच्यातल्या ऐतिहासिक हक्कालाही आधार नाही म्हणून सांगितलं. चीनने ना सुनावणीत भाग घेतला ना निकाल मानला. लवादाकडे पोलीस नाहीत, त्यामुळे विषय तिथेच अडकला. फिलिपिन्समध्येही निकालाच्या बाराच दिवस आधी दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि त्यांनी हा निकाल सरळ बाजूला ठेवला.

अडवलं का नाही? कारण एकेक पाऊल इतकं छोटं होतं की त्यासाठी युद्ध करायला कोणीच तयार नव्हतं. आज वाळू, उद्या दीपगृह, परवा रडार. शी जिनपिंग २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ओबामांच्या शेजारी उभे राहून म्हणाले की लष्करीकरणाचा इरादा नाही, आणि २०१८ पर्यंत तिथे क्षेपणास्त्रं पोचल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेची अडचण म्हणजे ती ज्या कराराचा दाखला देते तो तिने स्वतःच मंजूर केलेला नाही. आणि चीन एकटाच असंही नाही हो, व्हिएतनामने २०२१ नंतर जोरात भराव टाकलाय, मलेशिया, तैवान, फिलिपिन्स यांच्याही ताब्यातल्या बेटांवर धावपट्ट्या आहेत. फरक वेगाचा आणि आकाराचा.

माझं मत विचाराल तर सगळे धावपट्ट्यांचे फोटो बघत बसतात, खरी गोम बंदरात आहे. युद्ध झालंच तर ही बेटं जागची हलू शकत नाहीत, पहिल्या दिवशीच मार खातील. पण युद्ध नसताना? आधी चिनी कोस्टगार्डची जहाजं साधारण हजार किलोमीटर लांब चीनच्या हैनान बेटाहून यायची, तेल संपत आलं की परत जायची. आता मिस्चिफ आणि सुबीच्या आत नांगर टाकून बारा महिने राहतात, सोबत ‘मासेमारी’ बोटींचा ताफा, ज्या मासे कमी आणि पहारा जास्त करतात. म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या भांडणासारखंच, सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची.

भारताचा एक किस्सा आहे. २०११ च्या जुलैमध्ये आपली आयएनएस ऐरावत व्हिएतनामच्या किनाऱ्यापासून ४५ सागरी मैलांवर होती, रेडिओवर कोणीतरी स्वतःला चिनी नौदल म्हणवत बोललं की तुम्ही चिनी पाण्यात शिरताय. आजूबाजूला जहाज नाही, विमान नाही, नुसता आवाज. ऐरावत आपल्या वाटेने पुढे गेली. आता स्प्रॅटलीत तशाच आवाजामागे रडार आहे आणि हाकेच्या अंतरावर जहाजंही आहेत.

अमेरिकेची उत्तर द्यायची पद्धतही मजेशीर आहे. दुसऱ्याच्या १२ मैलांतून युद्धनौकेला न थांबता, सराव न करता सरळ जायची मुभा असते. म्हणून २०१७ च्या मे महिन्यात यूएसएस ड्युई मिस्चिफच्या ६ मैलांच्या आत गेली आणि मुद्दाम ‘माणूस पाण्यात पडला’ याचा सराव करून आली, म्हणजे कृतीतून सांगितलं की ही तुमची हद्द नाहीच. पण सराव संपवून ड्युई निघून गेली, कोस्टगार्ड तिथेच राहिलं.

मार कोण खातं तर फिलिपिन्स. सेकंड थॉमस शोल या स्प्रॅटलीतल्याच उथळ जागेवर त्यांनी १९९९ मध्ये मुद्दाम रुतवून ठेवलेलं सिएरा माद्रे नावाचं गंजकं जहाज आहे, त्यावरच्या सैनिकांना रसद न्यायची तर वॉटर कॅननचा मारा झेलावा लागतो, आणि जून २०२४ च्या झटापटीत तर त्यांच्या एका सैनिकाचा अंगठा गेला. त्यांनी आपल्याकडून ब्रह्मोस घेतलं ते उगाच नाही, २०२४ च्या एप्रिलमध्ये पहिली खेप पोचली.

यापुढे बघायची जागा म्हणजे स्कारबरो शोल. २०१२ पासून ताबा चीनचा, पण भराव अजून टाकलेला नाही. ती जागा फिलिपिन्सच्या लुझॉन या मुख्य बेटापासून १२० मैलांवर आहे, तिथे भराव पडला तर मामला फक्त फिलिपिन्सपुरता राहणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने तिथे निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं, प्रवाळाच्या रक्षणासाठी म्हणे.